छत्रीखालची छायाचित्रे

फोटो काढायला दिवस कसा असावा, असे कुणालाही विचारा. तो म्हणेल, लख्ख उन्हाचा. मीही पुष्कळ वर्षे तसेच म्हणत आलो. लहानपणी वडिलांनी मला एक पेटी कॅमेरा आणून दिला होता. बारा फोटोंचा रोळ त्यात बसे. त्याच्याबरोबर एक पातळशी चोपडी आली होती, आणि तिने छायाचित्रणाचे सारे शास्त्र मला दोन वाक्यांत शिकवून टाकले होते : सूर्य आपल्या पाठीशी असावा, आणि ज्याचा फोटो काढायचा त्याचे तोंड उन्हाकडे असावे. या शास्त्राला मी इतक्या इमानाने जागलो की, आमच्या घरच्या एकूण एक माणसाचे डोळे माझ्या फोटोंत बारीक झालेले आहेत. आजी, आत्या, काका, शेजारची मंडळी, सगळीजण कपाळाला आठ्या घालून, समोरून सावकार येत असावा तशी पाहत उभी आहेत.

हे फोटो परवा चाळत असताना मला आणखी एक गंमत दिसली. आमचा आल्बम एखाद्या परक्याच्या हाती पडला तर त्याला वाटेल, या घराण्यात कधी पाऊस पडलाच नाही. त्यात दिवाळी आहे, मे महिन्याची सुटी आहे, लग्ने आहेत, मुंजी आहेत. पण आषाढ नाही आणि श्रावणही नाही. छत्री घेतलेला एकही माणूस त्यात नाही. वाटल्यास या फराळाच्या दिवसांत तुम्हीही आपल्या घरचा आल्बम काढून पाहा. तुमच्याही घराण्यात पाऊस पडलेला नसेल.

आणि आमचे आजोळ तर मालवणचे! त्या किनाऱ्यावर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. वर घाटमाथ्यावर आंबोलीला त्याच्या दुपटीहून अधिक पडतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच त्यातला बहुतेक कोसळतो. म्हणजे तिथल्या माणसाच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा आभाळाखाली जातो, आणि तो तेवढाच नेमका फोटोंतून गळून पडतो. सिंधुदुर्ग किल्ल्याचे चित्र पाहावे तर निळे आकाश, निळे पाणी आणि ऐटीत उभा असलेला तट. ते कॅलेंडरवरचे मालवण नाताळच्या सुटीत येणाऱ्यांचे आहे. पावसातले मालवण ज्यांचे आहे, त्यांनी ते कुठे पाहावे?

मोठा प्रश्न आहे, असे मला वाटले. नोकरीतून मोकळा झालो होतो. नवा कॅमेरा घेतला होता. २०१२ सालच्या श्रावणात कोकण रेल्वेने कुडाळला उतरलो, एस. टी.त बसलो आणि काचेवरून ओघळणारे पाणी बघत मामांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

मामा निवृत्त शाळामास्तर. दांडीच्या वाटेवर त्यांचे चिऱ्याचे घर. मी कशासाठी आलो ते सांगितले, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि वर्गात चुकीचे उत्तर आल्यावर पाहत असतील तसे माझ्याकडे पाहिले.

“पावसात फोटो? अरे, सूर्य नाय, सावली नाय, मगे छायाचित्र कसला काढतलंस?”

मी गप्पच झालो. शब्द आपण रोज वापरतो, पण तो फोडून पाहत नाही. छायाचित्र म्हणजे छायेचे चित्र. आभाळ भरून आले की सावली पडत नाही, आणि सावलीच नाही तर छायाचित्र कुठले! ही शंका मास्तरांखेरीज दुसऱ्या कुणाला आली नसती. मामी मात्र आतून म्हणाली, “किल्लो खंय पळान जाणा नाय. आधी जेवून घेवा.” कुळथाची पिठी, भात आणि टाकळ्याची भाजी होती. पावसाळ्यात त्या घरी ताजी मासळी क्वचितच येई. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, आणि नंतरही समुद्र जोवर निवळत नाही तोवर सुक्या बांगड्यावरच भिस्त.

जेवण झाले आणि मी निघालो, तेव्हा मामाही उठले. खुंटीवरची वेताच्या मुठीची, लांब दांड्याची काळी छत्री त्यांनी काढली आणि म्हणाले, “छत्री मी धरतंय. तू तुझा काम कर.”

पावसात फोटो काढणे हे एकट्याचे काम नव्हे, हे मला त्या दिवशी कळले. कॅमेऱ्याला दोन हात लागतात आणि छत्रीला तिसरा. त्यातून सिंधुदुर्गाची अडचण वेगळीच. किल्ला किनाऱ्याच्या पश्चिमेला, समुद्रात. आणि पाऊसही येतो तो समुद्रावरूनच. किल्ल्याकडे कॅमेरा वळवला की पावसाचा पहिला सपकारा नेमका भिंगावर बसतो. भिंग पुसावे, वर बघावे, तो पुन्हा थेंब. पहिल्या दिवशी मी पंचवीस फोटो काढले. त्यांतल्या बाविसांवर किल्ल्याच्या जागी एकेक टपोरा थेंब होता.

दुसऱ्या दिवशी मामांनीच तोड काढली. ते कॅमेऱ्याच्या पुढे, जरा डाव्या अंगाला उभे राहिले आणि छत्री डोक्यावर न धरता ढालीसारखी आडवी, भिंगाच्या समोर धरली. मी मागे सगळी तयारी करायची आणि “मामा!” म्हणायचे. त्यांनी छत्री वर उचलायची, मी कळ दाबायची, की छत्री पुन्हा खाली. प्रत्येक कॅमेऱ्याच्या पोटात एक पडदा असतो; माझ्या कॅमेऱ्याला बाहेरूनही एक होता. तो वेताच्या मुठीचा होता आणि त्याला मधूनमधून खोकला येई.

छत्री अशी समोर धरल्यावर ती धरणाऱ्याच्या डोक्यावर काय राहते, हा विचार मी त्या वेळी केला नाही. एकदा सहज म्हणालो, “मामा, तुम्ही भिजताय.” तर म्हणाले, “मी भिजलंय तर सुकतलंय. तुझा ता यंत्र भिजला तर संपला.” यंत्राची काळजीही तेच घेत. कोकणातल्या दमट हवेत भिंगाला आतून बुरशी धरते आणि मग त्यातून सगळे जग कायमचे धुक्यातले दिसू लागते. त्यासाठी मामांनी बिस्किटांच्या जुन्या डब्यात भाजलेले तांदूळ भरले होते. ते ओल ओढून घेतात. रात्री फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा त्या डब्यात झोपे. चार दिवसांनी तांदूळ बदलत. काढलेल्या तांदळांचे मामी काय करी, ते मी कधी विचारले नाही. पण एकदा खिरीला जरा निराळाच खमंग वास आला होता खरा.

आता कबूल करायला हरकत नाही, पहिल्या वर्षीचे माझे सगळे फोटो वाईट होते. मुंबईला आणून पाहिले तर वर पांढरट, खाली काळपट आणि मध्ये काहीच नाही. असे का व्हावे, ते शोधायला मला एक वर्ष लागले. उघडीप असताना जितका उजेड असतो, तो पातळ ढग आले की चौथाईवर येतो, आणि आभाळ दाटून आले की आठव्या हिश्शावर. हे सारे खाली, जमिनीवर. आकाश मात्र तेव्हाही जमिनीपेक्षा पुष्कळच उजळ असते. आपला डोळा दोन्ही सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला ते साधत नाही. त्याला आकाश दाखवा, जमीन काळी होते. जमीन दाखवा, आकाश कोऱ्या कागदासारखे होते.

हे दुखणे जुने आहे, हे कळल्यावर मला जरा धीर आला. मुंबईत फोटोग्राफीची सोसायटी १८५४ सालीच निघाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक हौशी छायाचित्रकार. त्या काळच्या काचांवर निळा प्रकाश फार लवकर उमटे. त्यामुळे झाडे आणि घरे नीट उतरेपर्यंत आकाश पार जळून पांढरे होई आणि ढग काही केल्या येत नसत. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७च्या सुमारास यावर युक्ती काढली. काही चित्रांसाठी त्याने समुद्र एका काचेवर घेतला, ढग दुसऱ्या काचेवर घेतले आणि क्षितिजाच्या रेघेवर दोन्हींची गाठ मारून एकच चित्र छापले. लोक थक्क झाले. त्या समुद्रावरचे ते आकाश त्या दिवशीचे नव्हतेच!

हे मी मामांना सांगितले तेव्हा ते खूश झाले. त्याच भरात मी त्यांना आपल्याकडच्या पावसाच्या एका प्रसिद्ध चित्राची हकीकत सांगितली. न्यूझीलंडचा ब्रायन ब्रेक हा छायाचित्रकार १९६० साली भारतातला पावसाळा टिपण्यासाठी हिंडला. त्याची चित्रे १९६१ साली ‘लाइफ’ साप्ताहिकात आली. त्यांत डोळे मिटून चेहऱ्यावर पाऊस झेलणारी एक मुलगी आहे. ते चित्र जगभर गाजले. ती मुलगी म्हणजे पुढे नटी आणि दिग्दर्शिका म्हणून नावाजलेली अपर्णा सेन, आणि तिच्या तोंडावरचा तो पाऊस झारीने शिंपडलेला होता.

मामा क्षणभर थांबले. त्यांच्या टोपीवरून पाणी गळत होते. म्हणाले, “झारी? मगे माका कशाक भिजवतंस?”

पुढे दर श्रावणात माझी फेरी ठरून गेली. हळूहळू माझे डोळे तयार झाले, असे म्हणण्यापेक्षा मामांनी ते तयार केले, हेच खरे. दुसऱ्या वर्षी मी त्यांना माझे फोटो दाखवले. सगळे राखाडी. त्यांनी एकेक पाहून बाजूला ठेवला आणि म्हणाले, “आभाळ म्हणजे फळो. कोरो फळो कोण बघता? तेच्यार कायतरी लिवक व्हया.”

त्यानंतर मी आभाळाचे फोटो काढणे सोडले आणि आभाळावर काय लिहिलेले आहे ते शोधू लागलो. मग दिसू लागले. चौक्याच्या रस्त्याला लावणीच्या शेतात वाकलेल्या बायका, त्यांच्या पाठीवरची इरली, आणि त्यांच्यामागे तरव्याचा तो पोपटी रंग. उन्हात तो रंग नुसता चमकतो. ढगाखाली तो आतून उजळल्यासारखा दिसतो. दांडीच्या किनाऱ्यावर वर ओढून झापांखाली झाकून ठेवलेल्या होड्या. पाण्याने काळपट लाल झालेले चिऱ्याचे गडगे. ओल्या रस्त्यावरून शाळेला जाणारी पोरे आणि त्यांच्यातल्या एकीची लाल छत्री. आणि माणसांचे चेहरे! ढगाळ दिवशी उजेड एका बाजूने येत नाही, साऱ्या आकाशातून सारखा उतरतो. नाकाची सावली गालावर पडत नाही, डोळ्यांखाली खड्डे दिसत नाहीत, कपाळाला आठ्या पडत नाहीत. लहानपणी मी आजीला उन्हात उभी करण्याऐवजी आषाढातल्या एखाद्या दुपारी ओसरीवर बसवली असती, तर आज तिचे डोळे मला दिसले असते.

पावसाचाही स्वभाव कळू लागला. मोठा थेंब सेकंदाला आठनऊ मीटर वेगाने खाली येतो. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाचा तिसावा भाग उघडा ठेवला तर तेवढ्यात थेंब फूटभर उतरतो आणि चित्रात त्याची रेघ होते. पाचशेवा भाग ठेवला तर थेंब हवेतच मण्यासारखा अडकून राहतो. रेघांचा पाऊस खरा की मण्यांचा, यावर मामांचे आणि माझे एकदा भांडण झाले. मामा रेघांच्या बाजूचे. “पोरां पावस काढतत तो रेघांचोच,” असे म्हणून त्यांनी तो वाद मिटवला. चाळीस वर्षे त्यांनी पोरांच्या पाट्या तपासल्या होत्या. त्यांच्यापुढे मी काय बोलणार!

किल्ला मात्र मला हवा तसा सापडत नव्हता. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचे काम सुरू केले, आणि १६६७ साली तो पुरा झाला. सुमारे ४८ एकरांचा विस्तार, ३० फूट उंच आणि १२ फूट जाड तट. इतकी मोठी वस्तू, पण सर आली की डोळ्यांदेखत नाहीशी होते. आधी बुरुज जातात, मग तट जातो, शेवटी पाण्याची रेघही जाते आणि समोर नुसता करडा पडदा उरतो. पावसाळ्यात प्रवाशांच्या होड्या बंद असतात. किल्ला समोर आहे, पण त्याच्याकडे जाता येत नाही, आणि कित्येकदा तो दिसतही नाही. मला नेमका तो क्षण हवा होता : सर ओसरते आहे, किल्ला परत येतो आहे, पण अजून पुरता आलेला नाही.

२०१८ सालची नारळी पौर्णिमा. दुपारी बंदरावर समुद्राला नारळ द्यायचा म्हणून सगळे मालवण निघाले होते. ढोलताशांचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. आम्ही दोघे दांडीच्या बाजूला खडकावर. मामांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. किती वेळ उभे होतो कोण जाणे. तीन तास तरी झाले असतील. एक ओळखीचा कोळी जाताजाता म्हणाला, “मास्तरांनू, फोटो काढूक मे म्हयन्यात येवचा!” मामा म्हणाले, “मे म्हयन्यात सगळेच काढतत.” मला फार बरे वाटले. म्हणजे माझ्या वेडात ते सामील झाले होते तर!

मी दोनदा “चला आता” म्हणालो. मामा म्हणाले, “वायच थांब. ह्यो ढग गेलो काय किल्लो दिसतलो.”

आणि तसेच झाले. सर उत्तरेला सरकली. करड्या पडद्यात आधी एक गडद डाग दिसला, मग त्याची रेघ झाली, रेघेचा तट झाला, आणि पलीकडे कुठेतरी ढगाला भोक पडून पाण्यावर रुप्यासारखा एक पट्टा उमटला. मी ओरडलो, “मामा!” छत्री वर गेली. मी कळ दाबली. त्याच क्षणी वाऱ्याचा झोत आला, छत्री उलटी झाली आणि कडेने चित्रात शिरली. दुसरा फोटो घेईपर्यंत पट्टा विझला होता.

“मामा, छत्री आली की हो मध्ये!” मी जवळजवळ वसकन म्हणालो.

मामा उलटलेल्या छत्रीच्या काड्या सरळ करीत होते. म्हणाले, “येवंदे. पुसून टाक ती.”

मी ती पुसली. म्हणजे चित्राचा डावा कोपरा कापून टाकला. मोठे करून घेतलेले ते चित्र आमच्या बैठकीच्या खोलीत लागले. येणारे जाणारे त्याच्यापुढे थांबत आणि विचारत, “हे मिळाले कसे हो?” मी नम्रपणे सांगत असे, “तीन तास उभा होतो.” ‘उभे होतो’ असे मी कधी म्हटल्याचे आठवत नाही.

पुढच्या श्रावणात एकदा जाऊन आलो. मग २०२० साली जाता आले नाही. त्या वर्षी कुणालाच कुठे जाता आले नाही. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मालवणच्या किनाऱ्यावरून गेले. मामांच्या परसातले चार माड आणि एक फणस आडवा झाला, अर्ध्या घरावरची कौले उडाली. दोन दिवसांनी फोन लागला, तेव्हा मामा म्हणाले, “कॅमेरो घेवन ये. आता आभाळ मोठा झाला.” माड पडल्यामुळे परसातून आभाळ अधिक दिसू लागले होते, असा त्याचा अर्थ. मी पावसाळ्यात येतो म्हणालो. गुडघ्यांनी त्रास दिला, गेलो नाही. दिवाळीत येतो म्हणालो, तेही राहिले. जानेवारीत मामा गेले.

मामेभावाचा फोन आला तो रात्री. सगळे सांगून झाल्यावर तो म्हणाला, “दादा, बाबांचा एखादा चांगला फोटो पाठव. तुझ्याकडे पुष्कळ असतील. मोठा करून घ्यायचाय.”

“असतील की,” मी म्हणालो आणि शोधायला बसलो.

आठ पावसाळे. हजारो फोटो. शेते, होड्या, गडगे, इरली, किल्ला. मी एकेक पाहत गेलो. प्रत्येकाच्या वेळी मामा माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. प्रत्येकाच्या वेळी त्यांनी छत्री धरली होती, म्हणून तर तो फोटो निघाला होता. आणि मामा त्यांतल्या एकाही फोटोत नव्हते. लावणीतल्या अनोळखी बायकांचे चेहरे होते. त्या लाल छत्रीच्या मुलीचे तर सात फोटो होते. एकात ओल्या वाळूवर मामांच्या चपलांचे ठसे होते. पहाटे तीनपर्यंत मी बसलो होतो. पावसातले मालवण ज्यांचे आहे त्यांचे चित्र कुणी काढत नाही, असे म्हणत मी मुंबईहून निघालो होतो. आणि त्यांतला जो एक माणूस माझ्या सर्वांत जवळ उभा होता, त्याचे चित्र मीही काढले नव्हते.

शेवटी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. तो पाहून शेजारचे एक गृहस्थ हळूच म्हणाले होते म्हणे, “मास्तर असे दिसत नव्हते.”

नंतर केव्हातरी मला त्या कापलेल्या कोपऱ्याची आठवण झाली. मूळ फोटो अजून होता. काढून पाहिला. डाव्या बाजूला उलटी झालेली काळी छत्री, तिच्या दोन काड्या वर आलेल्या, आणि खाली, अगदी कडेला, वेताच्या मुठीवर आवळलेली चार बोटे. बोटांवरून पाणी निथळते आहे. फोटो मोठा केला तर नखे दिसतात, आणि अंगठीही दिसते. सपाट, सौम्य ढगाळ उजेडात सगळे स्पष्ट आहे. सावली कुठेच नाही.

मी तो जसाच्या तसा छापून घेतला, काही न कापता, आणि पुढच्या श्रावणात मालवणला घेऊन गेलो. मामीला तो दाखवताना मला संकोच वाटत होता. नवऱ्याचा फोटो मागितला तर भाच्याने बोटे आणून दिली, असे तिला वाटले तर? तिने चष्मा लावला, फोटो दाराच्या उजेडाला धरला आणि बराच वेळ पाहत राहिली. किल्ल्याकडे तिचे लक्षही गेले नाही.

“ह्यो लावा,” ती मुलाला म्हणाली. “ह्येच्यात ते आसत.”

आता तो ओसरीवर, पूर्वी छत्री टांगायची त्या खुंटीच्या वर आहे. छत्री खुंटीवरच आहे. आमच्या बैठकीच्या खोलीतले चित्रही मी बदलून टाकले. आता येणारे विचारतात, “हा कोपऱ्यात काय काळा डाग आलाय?” त्यांना सगळी हकीकत सांगावी लागते. चहा निवतो, पण मी सांगतो.

दिवाळीत तुमच्याकडे सगळी मंडळी जमतील, फोटो निघतील. कुणी दिवा वर धरील, कुणी पोरांना हसवील, कुणी कॅमेऱ्यामागे उभे राहील. एवढी माणसे आल्बमात येणार नाहीत. एखादा फोटो त्यांच्याकडे वळून काढावा, इतकेच मला सुचवायचे आहे. ऊन नसले तरी चालेल.

त्या श्रावणात मामीचा नातू मला म्हणाला, “आजोबा, मला किल्ल्याचा फोटो काढायचाय, पावसातला.” त्याच्याजवळ मोबाईल होता. मी खुंटीवरची छत्री काढली आणि त्याच्याबरोबर दांडीला गेलो. त्याच्यापुढे, जरा डाव्या अंगाला उभा राहिलो आणि छत्री आडवी धरली. “आजोबा!” तो म्हणाला, की छत्री वर. पुन्हा खाली. तासभर हे चालले होते.

किल्ला काही त्या दिवशी नीट दिसला नाही. घरी आल्यावर मामीने पंचा दिला, तेव्हा लक्षात आले. पाठ कोरडी होती, उजवी बाजू कोरडी होती. डावा खांदा मात्र पिळून काढण्याइतका भिजला होता.